टेलपर्यंत पाणी

पर्वतीच्या पायथ्याशी, पहिल्या पायरीच्या डाव्या हाताला एक कट्टा आहे. रोज सकाळी सव्वासहाला त्याच्यावर आधी बीपीचं मशीन येतं, मग स्टीलचा थर्मास, मग मेथीदाणे, जवस आणि ओव्याच्या तीन डब्या, आणि सगळ्यात शेवटी वैद्यकाका. आडनावापलीकडे काकांचा वैद्यकाशी काहीही संबंध नाही. चौतीस वर्षं त्यांनी पाटबंधारे खात्यात काढली. शेवटी शेवटी ते शाखा अभियंता होते. कालव्याचं पाणी कुठल्या गावाला कधी आणि किती दिवस, हे त्यांच्या सहीनं चालायचं. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी हाताखाली एकही कालवा उरला नाही, तेव्हा त्यांनी आमच्या अंगातले कालवे ताब्यात घेतले.

त्यांचं शरीरशास्त्र ऐकायला सोपं आहे. हृदय हे धरण, तिथून मुख्य कालवा, मग चाऱ्या आणि पोटचाऱ्या. कोलेस्टेरॉलला ते गाळ म्हणतात. बद्धकोष्ठ झालेल्या माणसाला विचारतात, ‘‘दरवाजा कधीपासून अडकलाय?’’ पाणी प्यायचं नसतं, आवर्तन सोडायचं असतं. उठल्या उठल्या तांब्याच्या भांड्यातलं पाऊण लिटर हे पहिलं आवर्तन, दहा वाजता दुसरं, आणि जेवणावर लगेच पाणी सोडायचं नाही, कारण उभं पीक आडवं होतं. आमच्या कट्ट्यावरच्या एका गृहस्थांना हृदयाच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी दिवसाला सव्वा लिटरच पाणी सांगितलंय. काका त्यांच्याकडे दुष्काळी तालुक्याकडे बघावं तसं बघतात.

हार्ट अटॅक हा शब्द काका वापरतच नाहीत. ‘‘देशपांड्यांचं काल पानशेत झालं,’’ असं म्हणतात. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा काका आठ वर्षांचे होते आणि नारायण पेठेतल्या वाड्याच्या माडीवरून त्यांनी ते पाणी पाहिलं होतं. त्यामुळे या उपमेवर त्यांचा हक्क आहे हे आम्ही मान्य करतो. पण बाहेरगावचा नवखा माणूस मध्ये सापडला, तर देशपांड्यांचं शेत वाहून गेलं असं समजून तो हळहळतो.

आता त्या मशीनबद्दल सांगायला हवं, कारण गेल्या वर्षी मी त्याच्यापायी तीन आठवडे अळणी जेवलो.

सकाळची वेळ. मी एकशेतीन पायऱ्या चढून, वर वाऱ्याला पाच मिनिटं उभा राहून खाली आलो होतो. धाप लागलेली. कट्ट्यावर टेकलो तर कुणीतरी हातात चहा दिला. पाठीला टेकायला काही नाही, पाय अधांतरी. काकांनी माझा डावा हात ओढला, जर्किनच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळला आणि बटण दाबलं. पट्टा फुगू लागला. ‘‘तुमच्या वडिलांना होतं ना बीपी?’’ मी म्हटलं, हो. ‘‘आणि गेले ते कशानं?’’ मी सांगायला लागलो. ‘‘ऑफिसात तो नवा साहेब अजून छळतो का?’’ मशीन सुस्कारा टाकत होतं, मी साहेबाचे पराक्रम सांगत होतो, आणि आकडा आला : १५८ आणि ९६. काकांनी तो मोठ्यानं वाचला. आजूबाजूच्या सहा जणांनी एकाच वेळी ‘च्च’ केलं.

तीन आठवड्यांनी आमच्या डॉक्टरीणबाईंनी मोजलं ते वेगळं. खुर्चीत पाठ टेकवून बसा म्हणाल्या. दोन्ही पावलं जमिनीवर, पायावर पाय नाही. बाही वर, पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर छातीच्या पातळीत. अर्ध्या तासात चहा, सिगरेट, जिना काही झालं नाही ना, हे विचारून घेतलं. मग पाच मिनिटं त्या काहीही बोलल्या नाहीत आणि मलाही बोलू दिलं नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवरची एकादशी मी चार वेळा वाचली. आकडा आला १२६ आणि ८२. एक मिनिट थांबून पुन्हा मोजलं, तरी तेवढंच. मी कट्ट्यावरची सगळी हकिकत सांगितली, तेव्हा बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘‘बोलल्यानंसुद्धा आकडा वाढतो हो. आणि तुम्ही तर साहेबाबद्दल बोलत होतात.’’

पर्वतीवर सकाळी फिरायला येणाऱ्या निम्म्या लोकांना बीपी आहे, ही बातमी कुठून पसरली असेल ते लक्षात आलं असेलच.

काका स्वतः पायऱ्या चढत नाहीत. गुडघ्यांना वाईट, असं त्यांचं मत आहे. मात्र बाकीच्यांनी रोज दोनदा चढावं असंही त्यांचंच मत आहे. चालण्याचा त्यांचा हिशेब मनगटावरच्या पट्ट्यात असतो. मुलानं अमेरिकेहून पाठवलेला हा पट्टा हाताच्या हालचालीवरून पावलं मोजतो. आणि काका बोलतात हातांनी. चारीचं पाणी पोटचारीत कसं वळतं हे एकदा समजावून सांगितलं की दीडशे पावलं पडतात. सकाळी आठला काका कट्ट्यावरून उठतात तेव्हा पट्ट्यावर साडेचार हजारांच्या आसपास आकडा असतो, आणि तो ते आम्हाला दाखवतात.

दिवसाला दहा हजार पावलं हा त्यांचा कायदा. मी एकदा सांगून पाहिलं की तो आकडा कुठल्या डॉक्टरांनी तपासून काढलेला नव्हता. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली, जपानमधल्या एका कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं आणि त्याला नावच ‘दहा हजार पावलांचं मीटर’ असं दिलं. आकडा गोल होता, लोकांच्या तोंडी बसला. जागतिक आरोग्य संघटना तर पावलं मोजतच नाही. आठवड्याला दीडशे मिनिटं जरा दम लागेल असं चाला म्हणते. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘‘जपानी माणूस किती वर्षं जगतो?’’ वाद संपला.

सूर्यनमस्काराची गोष्ट त्याहून पुढची. काकांचे आजोबा औंध संस्थानात शिकले. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्काराचे मोठे पुरस्कर्ते; शाळांतून मुलांना ते घालावेच लागत. आजोबांनी घातलेले ते सगळे नमस्कार नातवाच्या खात्यावर व्याजासकट जमा आहेत, अशी काकांची समजूत असावी, कारण त्यांना स्वतःला ओणवं झालेलं मी अजून पाहिलेलं नाही.

जेवणाच्या बाबतीत कट्ट्यावर उघड दोन पक्ष आहेत. एक पक्ष डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा : दिवसातून दोनच वेळा, पंचावन्न मिनिटांच्या आत, आणि अधेमधे काही नाही. दुसरा ऋजुता दिवेकरांचा : दर दोन तासांनी थोडं थोडं, आणि तूप सोडू नका. काका दोन्ही पक्षांत आहेत. सकाळी कट्ट्यावर ते दीक्षितांचे असतात. दहा वाजता घरी शिऱ्याचा वास आला की दिवेकरांचे होतात.

इथवर हसून सोडून द्यावं. रसाचं मात्र तसं नाही.

कट्ट्याशेजारी एक तरुण रसवाला गाडी लावतो. कारलं, दुधी, गव्हांकुर, आवळा. तो प्रत्येक दुधीची एक चकती आधी स्वतः चावून बघतो आणि कडू लागली तर अख्खा दुधी बाजूच्या पोत्यात टाकतो. काकांना हे बघवत नाही. ‘‘अरे, औषध फेकतोयस! कडू तेच गुणाचं!’’ एकदा तर त्यांनी पोत्यातला दुधी काढून ‘माझ्यासाठी हाच घाल’ म्हणून हट्ट धरला. पोरगा म्हणाला, ‘‘काका, पाहिजे तर फुकट आवळा देतो, पण हा नाही.’’ त्या पोराचं बरोबर होतं. दुधी कडू लागला म्हणजे त्यात कुकुर्बिटासिन नावाचं विष वाढलेलं असतं. उलट्या, जुलाब, रक्त पडणं, बीपी एकदम खाली जाणं इथपर्यंत मजल जाते. २०१० मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा दुधी-कारल्याचा असा रस पिऊन मृत्यू झाला. त्यानंतर आयसीएमआरच्या तज्ज्ञ समितीनंही कडू लागलेला दुधीचा रस पिऊ नका असं बजावलं. कारलं जन्मजात कडू, त्यामुळे दोन्ही एकत्र वाटले की दुधीचा कडूपणा कळतच नाही. रसवाला म्हणूनच दुधी आधी चाखतो. सातवी नापास आहे, आणि त्या कट्ट्यावर मी डोळे मिटून ऐकावं असा तो एकच माणूस.

असं मी गेल्या पावसाळ्यापर्यंत म्हणत होतो.

आमच्या सोसायटीचे रात्रपाळीचे वॉचमन, सगळे त्यांना मामा म्हणतात. एका सकाळी मामा गेट उघडत होते आणि काका मशीनची पिशवी घेऊन बाहेर पडत होते. मी मागेच होतो. काका थांबले. मामांच्या उजव्या चपलेकडे बघत राहिले. चपलेच्या अंगठ्यावर एक ओला डाग होता. ‘‘काढा ती,’’ काका म्हणाले. मामा लाजले, नको नको म्हणाले. काका चक्क खाली बसले, ते गुडघे घेऊन, आणि चप्पल स्वतः काढली. अंगठ्याच्या खालच्या बाजूला रुपयाएवढी जखम होती. वास येत होता.

‘‘दुखत नाही?’’

‘‘नाय साहेब. कायच नाय.’’

काकांचे हात हलायचे थांबले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘‘टेल. धरणापासून सगळ्यात लांब. वर पाणी भरपूर दिसतं, पण शेवटच्या शेतकऱ्यापर्यंत पोचत नाही. आणि टेलकडून तक्रारच येईनाशी झाली की समजायचं, तिथलं पीक गेलंय.’’

त्यांनी रिक्षा थांबवली, मामांना बसवलं आणि महापालिकेच्या दवाखान्यात नेलं. शुगर ३४२ निघाली. मामांना मधुमेह आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं, मामांनाही नाही. मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात, जखम झालेली कळत नाही, त्यात रक्तही कमी पोचतं, मग ती चिघळते. म्हणून शुगरवाल्यांनी रोज रात्री पावलं उलटी करून बघावीत, लागलं तर आरसा धरावा. हे सगळं डॉक्टर नंतर सांगत होते. दोन महिने ड्रेसिंग चाललं, अंगठा वाचला. रोज ड्रेसिंगला नेण्याचं काम काकांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही.

अर्थात त्यानंतर ही हकिकत कट्ट्यावर इतक्या वेळा झाली की शुगर आता ४८० वर गेली आहे. गणपतीपर्यंत पाचशे ओलांडेल.

मध्यंतरी मेंटेनन्सची पावती द्यायला त्यांच्या घरी गेलो होतो. काका टेबलाशी बसले होते. काकूंनी चहाच्या आधी त्यांच्या तळहातावर एक छोटी पांढरी गोळी ठेवली आणि ती गिळेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.

‘‘बीपीची,’’ काकू मला म्हणाल्या. ‘‘अकरा वर्षं चालू आहे.’’

‘‘खबरदारी म्हणून,’’ काका म्हणाले.

‘‘रक्त काढायला मुलगा येतो तेव्हा डोळे मिटून माझा हात धरतात. तीही खबरदारीच.’’

काकू रोज सकाळी सहाला पर्वती चढतात. काकांचं कट्ट्यावरचं पहिलं गिऱ्हाईक बसायच्या आत त्या खाली येऊन घरी गेलेल्या असतात. मी विचारलं, काका तुमचंही बीपी मोजतात का? ‘‘मोजायला माझी ना नाही,’’ काकू म्हणाल्या, ‘‘पण त्यासाठी पाच मिनिटं दोघांनी गप्प बसायचं असतं. मला जमेल.’’

तेव्हा पर्वतीला गेलात तर काका तुम्हाला गाठतीलच. मोजून घ्या, त्यांना बरं वाटतं. फक्त आधी बाही वर करा, आणि वडील कशानं गेले असं विचारलं तर पट्टा सुटल्यावर सांगा. चपलेकडे बघून काही म्हणाले, तर मात्र लगेच चप्पल काढून दाखवा.