शून्य रुपयांचे नारळ

गोव्यात मांद्र्याला आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर एक इंग्रज गृहस्थ राहायचे. लीड्सचे, निवृत्त, स्वभावाने सज्जन आणि भाडे पहिल्या तारखेला न मागता देणारे. तक्रार करायला इतका गैरसोयीचा माणूस शोधून सापडणार नाही. तरीही मी प्रयत्न करतो.

त्यांच्याकडे एक वही होती. वहीच्या प्रत्येक पानावर मधोमध रेघ. डावीकडे लीड्स, उजवीकडे मांद्रे. सकाळी मी बाल्कांवात, म्हणजे पुढच्या ओट्यावर, पेपर उघडला की साहेब चहाचा कप आणि वही घेऊन खाली उतरायचे आणि आदल्या दिवसाचा जमाखर्च मला वाचून दाखवायचे. त्यांच्या आवडत्या बेकरीतला पाव चार पौंडांना, आमच्या पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पाच रुपयांना, म्हणजे चार पेन्सांना. तिकडे साधारण घराचे वीज आणि गॅसचे बिल 2025 मध्ये वर्षाला सतराशे पौंडांच्या पुढे, इकडे आम्ही भाड्यातच घेतो. तिकडे टीव्ही पाहायचा तर सरकारी परवाना लागतो, 2025 मध्ये वर्षाला 174 पौंड 50 पेन्स. इकडे शेजाऱ्यांचा टीव्ही भिंतीपलीकडून फुकट ऐकू येतो. प्रत्येक ओळीनंतर ते ‘अमेझिंग!’ म्हणायचे आणि माझ्याकडे अपेक्षेने बघायचे. अभिनंदन नेमके कोणाचे करायचे, हे मला अजून कळलेले नाही.

हे आमच्यापुरते राहिले असते तर चालले असते. पण साहेब मोकळ्या मनाचे. त्यांनी हा चार पेन्सांचा शोध खुद्द पोदेराला सांगितला. पोदेर सायकल टेकवून, भोंग्यावर हात ठेवून शांतपणे ऐकत होता. पुढच्या आठवड्यात साहेबांना पाव आठ रुपयांना मिळू लागला. साहेबांना तोही स्वस्तच वाटला आणि त्यांनी तसे पुन्हा पोदेराला सांगितले. मग आम्हालाही आठ. मी विचारले, तर पोदेर म्हणाला, “तो दिता मरे, बाब!” तो देतो, हे खरेच होते. मी देत नव्हतो, हाही मुद्दा होता; पण तो मला मांडता आला नाही, कारण मागे सायकलच्या घंटीसारखे कोणीतरी आनंदाने ‘अमेझिंग!’ म्हणत होते.

नारळांचे प्रकरण जास्त नाजूक आहे. माडावर चढणाऱ्या पाडेल्याने नारळ उतरवले की शेजारच्या वहिनी त्यातले चार आम्हाला द्यायच्या, आम्ही फणसाच्या दिवसांत त्यांना फणस देतो. हा व्यवहार आमच्या आजोबांच्या वेळेपासून चालू आहे आणि तो कोणी कधी लिहून ठेवलेला नाही. साहेब आल्यावर वहिनींनी दोन नारळ वरही पाठवले. संध्याकाळी वहीत नोंद झाली: नारळ, शून्य. वहिनींना इंग्रजी वाचता येते. त्या शून्याकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या. बाजारात नारळ कितीला झालाय ते त्यांनी मला सांगितले, मला ठाऊक असूनही. तेव्हापासून आम्हालाही दोनच नारळ येतात आणि आमचा फणस स्वीकारताना त्या तो हातात तोलून बघतात.

दाताचे तेवढे मी समजू शकतो. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेतून दातावर टोपी बसवायची तर 2025 च्या दराने 326 पौंड 70 पेन्स पडत. दर निश्चित आहे, छापील आहे, कोणीही वाचू शकतो. अडचण एवढीच की त्या दरात काम करणारे दंतवैद्य बऱ्याच गावांत नवे रुग्ण घेत नाहीत. खासगीत जावे तर आकडा दुपटीच्याही पुढे. म्हणून साहेब दात विमानाने म्हापशाला आणायचे. टोपी बसवून परतले की तोंड अर्धे बधिर असतानाही ते मला हिशेब सांगायचे. त्याच दंतवैद्यांकडे माझीही एक दाढ गेली दोन वर्षे ‘बघू या’ म्हणून थांबली आहे, कारण मला तो दर परवडत नाही. हे मी साहेबांना एकदा सांगितले. ते खरोखर हळहळले. मग म्हणाले, “पण लीड्समध्ये तुम्हाला किती पडले असते, याचा विचार करा.” मी केला. दाढ होती तिथेच दुखत राहिली.

एकदा ते खिन्न होऊन आले. ब्रिटिश सरकारी पेन्शनचा एक नियम आहे. पेन्शनर अमेरिकेत किंवा युरोपीय संघातल्या देशांत राहायला गेला तर पेन्शन दरवर्षी वाढते. भारत, कॅनडा, ऑस्ट्रेलियात गेला तर ज्या दिवशी गेला त्या दिवशीच्या आकड्यावर गोठते. म्हणून साहेब इथे कायमचे राहत नव्हते. उन्हाळ्यात लीड्सला जाऊन, थोडे कुडकुडून, पेन्शन वाहती ठेवून यायचे. आयुष्यभर कर भरला त्याचे हे फळ, असे ते म्हणाले. मलाही वाईट वाटले. मी बायकोला सांगितले. तिने आकडा विचारला. 2025-26 साठी पूर्ण पेन्शन आठवड्याला 230 पौंड 25 पेन्स. तिने मोबाइलवर गुणाकार केला आणि मोबाइल माझ्यासमोर धरला. आठवड्याला सत्तावीस हजारांच्या आसपास. मग म्हणाली, “आता तुमची सांगा त्यांना.”

माझी पेन्शन ईपीएस-95 ची. या योजनेत सरकारने 2014 मध्ये किमान पेन्शन महिना हजार रुपये केली आणि त्यानंतर तिला हात लावलेला नाही. ब्रिटिशांची पेन्शन परदेशात गेल्यावर गोठते, आमची देशातच. मला हजाराहून थोडे जास्त मिळतात. किती जास्त, ते सांगण्यासारखे नाही. पण साहेबांच्या पद्धतीने हिशेब करायचा म्हणून केला: हजार रुपये म्हणजे साडेआठ पौंड. इंग्लंडमध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच्या एका औषधाला 9 पौंड 90 पेन्स पडतात. म्हणजे महिन्याच्या पेन्शनमध्ये तिकडे मला एक गोळी येणार नाही. साहेबांना हे वाचून दाखवल्यावर त्यांनी दिलासा दिला, की साठीनंतर तिकडे औषधे फुकटच असतात.

साहेब लीड्सहून परत आले की माझे काम सुरू व्हायचे. परदेशी पाहुणा घरात उतरला की चोवीस तासांच्या आत घरमालकाने सरकारी फॉर्म भरायचा असतो. पासपोर्ट, व्हिसा, फोटो, कुठून आले, कुठे जाणार, सगळे ऑनलाइन. भारतात निवृत्तांसाठी वेगळा व्हिसा नाही. ब्रिटिश नागरिकाला ई-टुरिस्ट व्हिसावर सलग 180 दिवस राहता येते. मधे श्रीलंकेला फेरी मारून आले की फॉर्म पुन्हा. फोटो अमुक केबीचाच हवा. मी तो कापून लहान करेपर्यंत वेबसाइट मला बाहेर काढायची, पुन्हा आत जावे तर वीज जायची, कारण हा पेडणे तालुका आहे. साहेब शेजारी खुर्ची ओढून बसायचे आणि कौतुकाने विचारायचे, “आणि याचे ते काहीच पैसे घेत नाहीत?” वहीत उजवीकडे आणखी एक शून्य पडायचे. त्या शून्यात माझी एक अख्खी दुपार असायची.

स्कूटरची गोष्ट थोडक्यात. भाड्याच्या गाडीला काळी पाटी आणि पिवळी अक्षरे लागतात, हे गोव्यात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. साहेबांना कोणीतरी पांढऱ्या पाटीची गाडी निम्म्या दराने दिली. तो कोणीतरी म्हणजे माझा चुलतभाऊ. चलन त्याच्या नावावर आले, भांडण माझ्या घरी झाले आणि वहीत मांद्रे पुन्हा एकदा लीड्सपेक्षा स्वस्त ठरले.

आमचा मुलगा पर्वरीला नोकरी करतो. लग्न ठरले तेव्हा त्याला गावात दोन खोल्या हव्या होत्या. पूर्ण वाडा फिरला. ज्यांनी त्याला लहानपणी अंगाखांद्यावर खेळवले, त्यांनीही चहा पाजून परदेशी दर सांगितला. आश्वे-मोरजीकडे तर रशियन पाट्यांखालून जाऊन विचारायचीही सोय नव्हती. शेवटी तो म्हापशाच्या पलीकडे राहायला गेला. बायको म्हणाली, “वरच राहू दे ना त्याला.” मी म्हणालो, राहू दे, पण मग त्याच्या म्हापशाच्या घराचे भाडे कशातून भरायचे? हे बोलून झाल्यावर मला वाटले होते की यात काहीतरी चुकतेय. बायकोने तेच मोठ्याने सांगितले. पण साहेबांचा करार मार्चपर्यंतचा होता आणि आगाऊ रक्कम आम्ही गच्चीच्या पत्र्यांना लावून टाकली होती.

साठ-सत्तरच्या दशकात हणजूण, कळंगूटला हिप्पी आले तेही स्वस्ताईच्याच शोधात. पण त्यांचे पैसे संपायचे तरी. संपले की कॅमेरा, जीन्स, पाठीवरची पिशवी विकून ते पुढचे दिवस काढत. हणजूणचा बुधवारचा बाजार त्यातूनच उभा राहिला. गावाला निदान एक कॅमेरा स्वस्तात मिळायचा. आताच्या लोकांचे पैसे संपत नाहीत, वस्तू विकायची वेळ येत नाही. उलट स्वस्तात राहण्याचे शास्त्र झालेय. टिमोथी फेरिस नावाच्या अमेरिकन लेखकाने 2007 च्या आपल्या पुस्तकात डॉलरमध्ये कमवा आणि स्वस्त देशात खर्च करा, असा सल्ला दिला आणि तो गाजला. त्या स्वस्त देशात राहणाऱ्यांनी कशात कमवायचे, याचे प्रकरण बहुधा पुढच्या आवृत्तीसाठी राखून ठेवले असावे.

गोव्यात परदेशी पाहुणे 2019 मध्ये नऊ लाखांवर होते. 2024 मध्ये ते पावणेपाच लाखांच्या आत राहिले. टॅक्सीवाल्यांपासून शॅकवाल्यांपर्यंत सगळे हळहळले. मी मनातल्या मनात म्हटले, आता तरी दर खाली येतील. पण त्यांच्या जागी गुरुग्राम आणि मुंबईचे लोक लॅपटॉप घेऊन आले. त्यांना आमच्याकडचे हरमल तिकडच्या मानाने स्वस्त वाटते. पर्यटक परत गेले, दर मात्र आमच्याकडेच स्थायिक झाले.

न्यू जर्सीचा भाचा डिसेंबरात येतो, त्याचे आणि साहेबांचे मेतकूट होते. भाच्याकडे चष्मे, दात आणि शर्टांची शिलाई यांची यादी असते. “मामा, यू गाइज आर सो लकी,” असे म्हणून तो चष्म्याच्या तीन जोड्या करून घेतो आणि मग हरमलला कॉफी पिताना इंडिया किती महाग झालाय यावर मला बोलतो. कॉफीचे पैसे मी देतो, कारण तो पाहुणा.

आणि गेल्या पावसाळ्याआधी साहेबांनी वही मिटली. अतिशय संकोचून, माझा हात हातात घेऊन त्यांनी सांगितले, की मांद्रे आता महाग झालेय. पाव आठ रुपये. नारळ येत नाहीत. दंतवैद्यांनीही दर वाढवले. हे सगळे कसे झाले याचे त्यांना मनापासून आश्चर्य वाटत होते. 2023 पासून व्हिएतनाम नव्वद दिवसांचा ई-व्हिसा देतो, दा नांगला समुद्र आहे, वहीचे नवे पान तयार होते. डावीकडे लीड्सच्या जागी आता मांद्रे लिहिलेले होते. लीड्स झालेल्या माणसाला कसे वाटत असेल याची मला पहिल्यांदा कल्पना आली; ते वाटणे वाईट नव्हते.

त्यांनी दा नांगच्या घरमालकाला माझा नंबर दिला होता. तीन आठवड्यांनी त्या मालकाचा मोबाइलवर भाषांतर केलेला निरोप आला: माणूस कसा आहे? मी लिहिले, सज्जन आहे, भाडे पहिल्या तारखेला देतो, आवाज करत नाही. थोड्या वेळाने दुसरा निरोप आला: तुम्ही भाडे किती घेत होतात?

मी दीडपट आकडा कळवला. खाली लिहिले: त्याला ते स्वस्त वाटायचे.