छतावरच्या चिकवड्या: एक सोपी पाककृती

अमेरिकेत जुनं घर घेतलं की पहिल्याच उन्हाळ्यात आई राहायला येते. दुपारी सोफ्यावर आडवी होते, वर बघते आणि म्हणते, "अरे, चिकवड्या वाळल्या असतील तर काढ की!"

चिकवड्यांसारख्या दिसणाऱ्या या दाणेदार छताला तिकडे पॉपकॉर्न सीलिंग म्हणतात. १९५० नंतर तीसेक वर्षं तिथल्या बिल्डरांनी ते मनसोक्त फवारलं. त्याने आवाज घुमत नाही, असं ते सांगत. ते खरंही आहे, पण आतली गोष्ट अशी की जिप्सम बोर्डाचे सांधे लांबी भरून गुळगुळीत करायला चांगला कारागीर लागतो. फवारा मारला की सगळं झाकलं जातं.

साहित्य: शिडी, बागेत औषध मारायचा पंप, कोमट पाणी, खरवडायला दहा-बारा इंची पत्रा, मास्क, चष्मा, चिकटपट्टी, वाटेल त्याच्या दुप्पट प्लास्टिक, मायेने निरोप देता येईल असा एक टी-शर्ट आणि चवीपुरता आत्मविश्वास.

कृती:

१. आधी घराची जन्मतारीख काढा. जुन्या मिश्रणात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. सजावटीच्या अशा फवाऱ्यात ते वापरायला अमेरिकेत १९७८ साली बंदी आली, पण दुकानातला साठा पुढेही संपवला गेला. त्यामुळे ऐंशीच्या दशकातल्या घरावरही डोळे मिटून विश्वास नको. ते नुसतं बघून ओळखू येत नाही, नमुना प्रयोगशाळेतच तपासावा लागतो. निघालं, तर पत्रा खाली ठेवा आणि परवानाधारक माणसाला बोलवा. अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसात रुततात आणि आजार काही दशकांनी उठतो. बाकी पाककृती विनोदाने वाचा, ही पायरी नको.

२. खोली रिकामी करा. वीज बंद करा, पंखा-दिवे उतरवा. जमीन आणि भिंती प्लास्टिकने मढवा. यात शनिवार संपतो. घरातले विचारतात, "अजून सुरुवातच नाही?" उत्तर देऊ नका.

३. पाणी मारा आणि पंधरा मिनिटं थांबा. इथे साबुदाणा भिजवण्याचाच नियम लागू: पाणी कमी पडलं तर कोरडा भुगा उडतो, जास्त झालं तर लगदा होतो आणि बोर्डाचा कागदही सोलून निघतो. आधी एखाद्या कोपऱ्यात वीतभर जागेवर करून बघा. वरून रंग दिलेला असेल, तर पाणी आत शिरतच नाही. मग खिचडीचा बेत रद्द.

४. पत्रा जवळजवळ आडवा धरून खरवडा. त्याची टोकं आधी कानशीने गोल करून घ्या, नाहीतर छतावर नांगरट होते. पहिला पट्टा सरसर निघतो. तुम्ही वर बघून "हे तर सोपं आहे!" म्हणता. तोंड उघडं असतानाच दुसरा गोळा सुटतो, चष्म्यावर आपटतो आणि तिथून घरंगळत कॉलरमधून थेट पाठीवर उतरतो. मास्क तेव्हा हनुवटीवर असतो.

५. आता वर बघा. वेडेवाकडे सांधे, खिळ्यांची डोकी, वरच्या न्हाणीघराच्या गळतीचा पिवळा नकाशा. लांबी भरा, वाळू द्या, घासा. पुन्हा भरा, पुन्हा घासा. मग प्रायमर, मग रंग.

टीप: झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्या बिल्डरांना कुणी सांगावं लागलं नाही. छत इतकं वाईट निघालं, तर त्यावर नवा बोर्ड ठोकून ती मूठ पुन्हा झाकता येते. हे आधी सुचलं, तर बऱ्याच पायऱ्या वाचतात.

आमच्या बैठकीचं छत खरवडायला एक रविवार लागला, गुळगुळीत करायला पुढचे सात. उरलेल्या तीन खोल्यांत चिकवड्या अजून वाळत आहेत.