अर्धी दाढ सरकारी

महाराष्ट्राच्या आरोग्यप्रशासनाने मनुष्यदेहाची जी वाटणी केली आहे, तीत दातांच्या नावावर सातबारा अद्याप चढलेला नाही, ही गोष्ट कळंबसारख्या तालुक्याच्या गावी दाढ ठणकू लागल्याखेरीज सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. हृदय आणि मूत्रपिंड शासनाने केव्हाच पदरात घेतले. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी यांच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा ज्योतिराव फुले यांच्या नावाने चालणारी जन आरोग्य योजना आता केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडली जाऊन कुटुंबाला वर्षाकाठी पाच लाख रुपयांपर्यंतचे कवच देते. शिवाय कळंबचा जिल्हा धाराशिव हा शेतकरी आत्महत्यांमुळे निवडलेल्या चौदा जिल्ह्यांपैकी एक असल्याने येथील पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यालाही तीत आधीच प्रवेश मिळाला होता. माणूस आत गेला, त्याची दाढ मात्र दाराबाहेर राहिली.

आयुष्मान भारतच्या वगळलेल्या उपचारांच्या यादीत कीड भरणे, दातांची झीज आणि रूट कॅनॉल, म्हणजे दाढेतील सडलेली नस काढून ती पोकळी बंद करण्याची क्रिया, यांचा समावेश आहे. अपवाद एवढाच की दुखणे रोगातून वा इजेतून उद्भवलेले असावे आणि त्यासाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागावे. याचा व्यावहारिक अर्थ असा की येरमाळ्याजवळ महामार्गावर मोटारसायकलवरून पडून जबडा मोडून घेणारा इसम पात्र ठरतो आणि लवंग दाढेखाली धरून रात्र काढणारा अपात्र. ज्या गुटख्यावर राज्यात योजनेच्या जन्माच्याच महिन्यात, जुलै २०१२ मध्ये, बंदी आली, तो चिकाटीने चघळत तोंडाच्या कर्करोगापर्यंत पोचणाऱ्याची शस्त्रक्रियाही योजनेत बसते. केवळ हिरड्या सुजण्यापर्यंत मजल मारलेल्या नवशिक्याने जरा दम धरावा, एवढीच शासनाची अपेक्षा दिसते.

उपजिल्हा रुग्णालयाचा मार्ग आहेच. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरचेही पैसे लागत नाहीत, त्यामुळे दाढ उपटून घेणे हा पूर्णपणे निःशुल्क आनंद झाला आहे. दाढ वाचवायची म्हटले की प्रकरण बदलते. रूट कॅनॉलला बहुधा एकाहून अधिक खेपा पडतात आणि पोकळ झालेली ती दाढ चावताना फुटू नये म्हणून तिच्यावर कॅप, म्हणजे धातूचे किंवा सिरॅमिकचे टोपण, बसवावे लागते, जे दातांच्या मापावरून लॅबमध्ये घडते आणि ज्याचे पैसे खासगी दवाखान्यातच मोजावे लागतात. अशा वेळी हिशेबी माणसाच्या मनात साधा प्रश्न येतो, की नसेचे काम सरकारने करावे, कॅपचे पैसे आपण भरावेत आणि दोन्ही एकाच कागदावर यावे, हे का जमू नये?

हा प्रश्न त्याला शासनानेच शिकवला आहे. ठिबक सिंचनाला अल्पभूधारकास ८० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळते आणि उरलेले तो स्वतः घालतो; सौर कृषी पंपासाठी सर्वसाधारण शेतकरी १० टक्के हिस्सा भरतो. एकाच नळीत सरकारचा आणि शेतकऱ्याचा पैसा गुण्यागोविंदाने वाहतो, त्याला कोणी भेसळ म्हणत नाही. हरभऱ्याला हमीभाव जाहीर होतो. तो फोडणाऱ्या दाढेला मात्र कोणताच भाव नाही, आणि दात व चणे यांची जुनी म्हण शासनाने निदान अर्ध्यापुरती निकालात काढली आहे.

योजनेत वरकड रक्कम घेण्यास मनाई आहे, हे खरे. ठरलेल्या पॅकेजबाहेर रुग्णाकडून रुपयाही घ्यायचा नाही, हा नियम शहाणपणाचाच आहे, कारण ‘फरकाची रक्कम’ एकदा मान्य झाली की ती उसासारखी वाढते. परंतु जी दाढ पॅकेजातच नाही, तिच्या बाबतीत हा नियम नेमके कोणाचे रक्षण करतो, हे उलगडत नाही. इंग्लंडात १९५१ साली कवळ्या आणि चष्म्यांवर शुल्क बसवण्याचे ठरले, तेव्हा आरोग्यसेवेचे जनक अ‍ॅन्युरिन बेव्हन यांनी मंत्रिमंडळातून राजीनामा दिला. आज तेथे लेखी उपचार-आराखडा देऊन एकाच खुर्चीवर काही काम सरकारी दराने आणि काही खासगी दराने करता येते, अर्थात तसा दंतवैद्य मिळाला तर. कवळीपायी खुर्ची सोडणारा मंत्री इकडे कोणी मागत नाही. खुर्चीवर बसलेल्या रुग्णाला दोन खाती जोडून मिळाली तरी पुष्कळ झाले.

तूर्त कळंबचा माणूस फुकट असलेलाच पर्याय निवडतो आणि दाढ काढून मोकळा होतो. कालांतराने शेजारचे दात त्या खिंडाराकडे कलू लागतात, घास एकाच बाजूने चावावा लागतो आणि अखेर खासगी दवाखान्यात ब्रिज बसवण्याची वेळ येते, म्हणजे दोन्ही बाजूंचे धडधाकट दात कानसून त्यांच्या आधाराने मधला खोटा दात उभा करण्याची. बिल एका दाढेचे नव्हे, तीन दातांचे होते, आणि त्या बिलाची झेरॉक्स जोडून अर्ज द्यावा, असे टेबल तालुक्याच्या कोणत्याही कचेरीत नाही.