नावाचं भाडं

देगलूरच्या कुठल्याही चौकात उभे राहा आणि मान वर करा. वाढदिवसाचा फ्लेक्स दिसणारच. मधोमध गॉगल लावलेली, हात जोडलेली उत्सवमूर्ती, नावाआधी 'भावी' हे विशेषण. वरच्या पट्टीत दिल्ली-मुंबईचे नेते, खालच्या पट्टीत शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो. वरच्या पट्टीतल्या एकाही नेत्याची परवानगी घेतलेली नसते आणि कुणाला छदामही दिलेला नसतो. तरीही 'माझा चेहरा विनापरवाना वापरला' म्हणून एखादा नेता कोर्टात गेल्याचं ऐकिवात नाही. भांडणं होतात ती फोटो राहून गेला म्हणून, नाहीतर शेजारच्यापेक्षा दोन इंच बारका आला म्हणून.

जगात एक धंदा मात्र असा आहे की तिथं चेहरा लावला तर भांडण आणि गाळला तर सुटका. तो म्हणजे खेळांच्या व्हिडिओ गेमचा. जर्मनीचा गोलकीपर ऑलिव्हर कान याला ईए कंपनीनं २००२ च्या विश्वचषकाच्या गेममध्ये घेतलं. एरवी माणूस खूश झाला असता. हा थेट कोर्टात गेला आणि २००३ साली हँबुर्गच्या कोर्टानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. कंपनी म्हणत होती, आम्ही खेळाडूंच्या जागतिक संघटनेकडून रीतसर हक्क घेतलेत. कोर्ट म्हणालं, चेहरा त्याचा आहे, त्याला विचारलंत का? सातबारा एकाच्या नावावर आणि इसार घेणारा दुसराच, हा प्रकार आपल्याकडंच चालतो असं नाही, एवढाच बोध आमच्या तालुक्यानं त्यातून घ्यावा.

तेव्हापासून, आणि त्याच्या आधीपासूनही, या धंद्यात दोन जाती आहेत. अधिकृत आणि अनधिकृत. अधिकृत गेममध्ये खेळाडूचं नाव, चेहरा, जर्सी, मैदान सगळं खरं. अनधिकृतमध्ये आडनावातलं एखादं अक्षर इकडचं तिकडं झालेलं असतं. जपानच्या कोनामी कंपनीचा फुटबॉल गेम खेळायला सरस, असं जाणते सांगायचे. पण त्यात लिव्हरपूलचं नाव 'मर्सीसाइड रेड' आणि चेल्सीचं 'लंडन एफसी'. पुढं कोनामीनं एक डाव उलटवला आणि इटलीचा युव्हेंटस एकट्यापुरता बांधून घेतला. मग २०१९ साली ईएच्या बड्या, श्रीमंत, अधिकृत गेममध्ये युव्हेंटसला 'पिमोंटे काल्चो' व्हावं लागलं. एका रात्रीत नाव गेलं, जर्सी गेली. खेळाडू तेवढे तेच राहिले.

आता प्रश्न असा की, या कागदानं खेळात फरक पडतो का?

हा प्रश्न मराठी माणसाला विचारणंच मुळात अन्यायाचं आहे. आपल्या पिढ्यान्‌पिढ्या ज्या खेळावर पोसल्या त्याचं नाव पुस्तक-क्रिकेट. साहित्य एकच, बालभारतीचं पुस्तक. डाव्या पानाचा आकडा नेहमी सम, तेव्हा शेवटचा अंक दोन, चार, सहा, आठ नाहीतर शून्य. शून्य आलं की विकेट. वहीच्या शेवटच्या पानावर दोन्ही संघ मांडलेले. गावसकर, वेंगसरकर, नंतर सचिन. ना बीसीसीआयचं पत्र, ना गावसकरांची सही. इतिहासाच्या तासाला मागच्या बाकावर सचिननं किती शतकं ठोकली याची नोंद कुठल्याही विक्रमपुस्तकात नाही. त्यातली काही शतकं शून्याचं पान अंगठ्याखाली दाबून काढलेली होती, हेही नमूद करून ठेवतो. तर सांगायचं असं की, अधिकृततेचा शोध लागायच्या आधी आपण खेळाचा कळस गाठून बसलो होतो.

मग कॉम्प्युटर आला आणि त्याच्या मागोमाग ईएचा 'क्रिकेट ०७'. कव्हरवर फ्लिंटॉफ. २००६ च्या नोव्हेंबरात आलेला हा गेम कॅनडातल्या एका स्टुडिओनं बनवलेला. आता कॅनडाचा आणि क्रिकेटचा संबंध काय, तर देगलूरचा आणि बर्फाचा जो आहे तोच. त्यात परवाने ऑस्ट्रेलियाचे आणि इंग्लंडचे, कारण ॲशेस. भारताचा संघ होता, नावं भलतीच. जगातलं सगळ्यात जास्त क्रिकेट बघणारं गिऱ्हाईक आणि त्यालाच नकली संघ! पण आपल्या पोरांनी मोर्चा काढला नाही. कुठल्याशा उद्योगी पोरांनी खरी नावं, खऱ्या जर्स्या भरून 'पॅच' बनवले आणि ते सीडीवर चढून तालुक्या-तालुक्यात पोचले. २००८ साली आयपीएल सुरू झाली तेव्हा ईएनं क्रिकेटचा नाद सोडलेला होता. पोरांनी जुन्याच गेमात अख्खी आयपीएल कोंबली. त्यात डेक्कन चार्जर्सही आले. आम्हांला मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ, त्यामुळं २००९ ला ते जिंकले तेव्हा इथले बरेच जण आनंदले होते. २०१२ ला तो संघ बीसीसीआयनं मोडीत काढला. अधिकृत डेक्कन चार्जर्स संपले. अनधिकृत डेक्कन चार्जर्स ज्या जुन्या कॉम्प्युटरात आहेत तिथं अजून टॉस जिंकतायत.

आता सगळं फोनवर आलं. परवा आमच्या गल्लीतला एक नववीतला पोरगा ओट्यावर बसून फोनवर सिक्स हाणत होता. विचारलं, कोण खेळतंय?

"विराट हाय की काका."

"पण नाव तर दुसरंच दिसतंय."

"नावाला काय करायलाव? हानूलालाय कसा ते बघा."

बघितलं. दाढी तीच, कॉलर तीच, कव्हर ड्राइव्हनंतर बॅट हवेत थांबते तीही तश्शीच. कायद्याच्या दृष्टीनं मात्र हा गृहस्थ कुणीच नव्हता. मग पोरानं दुसरा संघ उघडून दाखवला. नावं बदलायची सोय असते, ती यानं नुसती भारताची नावं दुरुस्त करायला वापरली नव्हती. यानं सगळा भारतच खाली उतरवून गल्ली चढवली होती. कप्तान स्वतः. सलामीला सायकल दुकानवाल्याचा पोरगा. फास्ट बॉलर म्हणून घरी तेलगू बोलणारा एक मित्र, जो प्रत्यक्षात लेगस्पिन टाकतो पण फोनवर ताशी दीडशेनं येतो. अकराव्या नंबरला गणिताचे सर, मुद्दाम, पहिल्या बॉलला दांडी उडवून घ्यायला. संघाचं नाव देगलूर. प्रतिस्पर्धी म्हणून उदगीरही तयार ठेवलाय, पण त्याला मुद्दाम फिल्डिंग कच्ची दिलीय.

यातली खरी गंमत पुढंच आहे. 'रियल क्रिकेट' हा गेम काढणारी कंपनी आपल्या मुंबईची. सुरुवातीची वर्षं तिथंही नावांची मोडतोडच. नंतर कंपनीनं क्रिकेटपटूंच्या जागतिक संघटनेच्या व्यापारी भागीदाराशी करार केला आणि शेकड्यांनी परदेशी खेळाडू खऱ्या नावानिशी आले. आपल्या सध्याच्या खेळाडूंची तशी संघटनाच नाही, त्यामुळं त्या कराराच्या पंगतीत आपलं पान नव्हतं. म्हणजे मुंबईत बनलेल्या गेमात पाहुण्यांचे कागद चोख आणि घरधनी बिनकागदाचा! पुण्याच्या जेटसिंथेसिसनं २०१७ च्या डिसेंबरात 'सचिन सागा' काढला, तो मात्र खुद्द सचिनच्या संमतीचा. पुढं सचिननं त्या कंपनीत पैसेही गुंतवले. अधिकृत सचिन मिळाला. पण सचिन एकटा काय करणार? त्याला वॉर्नला पुढं येऊन मारायचं असेल तर वॉर्नचा कागद वेगळा करावा लागतो.

कागदाचा खरा तमाशा झाला फुटबॉलात. ईए आणि फिफा यांचा संसार १९९३ पासूनचा. पोरं फुटबॉलच्या गेमला 'फिफा'च म्हणायची. फिफाला वाटलं, नाव आपलं, मग भाडं वाढवू. चार वर्षांना अब्जभर डॉलर मागितल्याच्या बातम्या आल्या. ईएनं हिशेब केला: क्लब वेगळे बांधलेत, लीग वेगळ्या बांधल्यात, खेळाडू वेगळे बांधलेत, मग ही चार अक्षरं कशाला पोसायची? २०२३ च्या सप्टेंबरात तोच गेम 'एफसी २४' नावानं आला. फिफाच्या अध्यक्षांनी तर आधीच सांगून ठेवलं होतं की फिफा नाव ज्यावर असेल तोच गेम अस्सल. अडचण एवढीच की फिफाकडं नाव उरलं, गेम उरला नाही. शेवटी ती कोनामीच्या दारात गेली. हो, मर्सीसाइड रेडवाल्या कोनामीच्याच.

परदेशी तज्ज्ञ या विषयावर भरभरून बोलतात, पण त्यांच्याकडं पुरावा तोकडा आहे. या प्रश्नावरचा सगळ्यात मोठा प्रयोग महाराष्ट्रात झाला आणि त्याची दखल एकाही गेम कंपनीनं घेतली नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत निवडणूक आयोगानं शिवसेनेचं नाव आणि धनुष्यबाण एका संघाला दिले; दुसऱ्या संघाला मशाल घेऊन उतरावं लागलं. पुढच्या फेब्रुवारीत राष्ट्रवादी आणि घड्याळाचं तेच. तिकडं तुतारी आली. आता परवान्यानं फरक पडतो का? २०२४ ची लोकसभा बघा: मशालीचे नऊ, धनुष्यबाणाचे सात; तुतारीचे आठ, घड्याळाचा एक. अनधिकृतवाले नाचले. सहा महिन्यांत विधानसभा: धनुष्यबाण ५७, मशाल २०, घड्याळ ४१, तुतारी १०. अधिकृतवाले नाचले. प्रेक्षक दोन्ही वेळेला तेच होते. यातून कुणी शास्त्रीय निष्कर्ष काढून दाखवला तर त्याचा देगलूरच्या चौकात फ्लेक्स लावू, वरच्या पट्टीत, विनापरवाना.

आणि जर्सीचं म्हणाल तर देगलूर मतदारसंघाला कुणी शिकवू नये. २०१४ ला इथं शिवसेनेचे सुभाष साबणे जिंकले. २०२१ च्या पोटनिवडणुकीत तेच साबणे भाजपच्या जर्सीत उतरले आणि काँग्रेसच्या जितेश अंतापूरकरांकडून हरले. २०२४ च्या फेब्रुवारीत जिल्ह्याचे कप्तान अशोक चव्हाण यांनीच संघ बदलला, आणि त्या वर्षीच्या विधानसभेला अंतापूरकर भाजपच्या जर्सीत उतरून जिंकले. पिमोंटे काल्चो बघून युरोपातली पोरं रडली म्हणे. आमच्याकडं दोन-तीन वर्षांत युव्हेंटसचा सगळा डाव होऊन जातो आणि माणसं दुसऱ्या दिवशी सकाळी सोयाबीनचा भाव विचारतात.

खरी जर्सी, खरी जर्सी म्हणतात ती तरी किती खरी? भारतीय संघाच्या छातीवर सहारा होतं, मग स्टार, मग ओप्पो, मग बायजूज, मग ड्रीम ११. २०२५ च्या ऑगस्टात ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदीचा कायदा आला आणि ड्रीम ११ उतरलं. सप्टेंबरात आशिया चषकाला आपला अधिकृत, राष्ट्रीय, अस्सल संघ छातीवर कुणाही प्रायोजकाचं नाव नसलेली जर्सी घालून उतरला, अगदी अनधिकृत गेममधल्यासारखी. चषकही जिंकला. त्यानंतर अपोलो टायर्स आलं. अस्सलपणाचा हट्ट धरणाऱ्या गेमवाल्यानं इतक्या वेळा छाती पुसून रंगवायची, आणि त्याचे पैसे पोराच्या बापानं भरायचे, याला म्हणतात वास्तवदर्शी अनुभव.

एका ठिकाणी मात्र चेष्टा थांबवतो. अमेरिकेत कॉलेजच्या पोरांचे चेहरे, उंच्या, जर्सीचे नंबर गेममध्ये वर्षानुवर्षं वापरले. नाव तेवढं गाळलं, म्हणजे पैसे द्यायला नकोत. एड ओबॅनन नावाच्या माजी बास्केटबॉलपटूनं २००९ साली दावा लावला. २०१३ नंतर कॉलेज फुटबॉलचा गेमच बंद पडला. २०२४ ला परत आला तो होकार देणाऱ्या प्रत्येक खेळाडूच्या हातावर ६०० डॉलर आणि गेमची एक प्रत ठेवून. गेम विकून कंपनीला जे मिळतं त्यापुढं ६०० डॉलर म्हणजे चहापाणी. पण दिले ते ज्याचा घाम त्याला दिले. अशा परवान्याला आमची ना नाही. आपल्याकडं दिल्ली हायकोर्टानं २०२३ च्या एप्रिलमध्ये सांगितलं की खेळाडूंची नावं आणि आकडेवारी ही जगजाहीर माहिती, ती ऑनलाइन फँटसी खेळांत वापरायला कुणाची परवानगी लागत नाही. पुस्तक-क्रिकेटवाले तेव्हापासून निर्धास्त आहेत.

गेम कंपन्यांना तालुक्यातर्फे विनंती एवढीच. तुम्हांला नावं विकत घ्यायची तर घ्या, पैसे खेळाडूच्या खिशात जातील तेवढं बघा, आणि त्या खर्चापायी गेमची किंमत वाढवू नका. त्याआधी डीप मिडविकेटला उभा असलेला फिल्डर हातातला कॅच सोडून सीमारेषेकडं का बघत बसतो, ते दुरुस्त करा. आणि नाव बदलायचं बटण कुलूप लावून पैशाला विकू नका. बाकीचा संघ आम्ही भरतो. गणिताचे सर तयार आहेत.