विषय : दारावर येणारे विक्रेते

एडिसन, न्यू जर्सी

ती. बाबा व सौ. आई यांस

संदर्भ : गेल्या जुलैमधील मुंग्यांचे प्रकरण.

१. ओळख

अमेरिकेत दारावर येणारा विक्रेता ओरडत येत नाही. सांगलीच्या गल्लीत येणाऱ्या विक्रेत्यात आणि त्याच्यात हाच मूळ फरक. भंगारवाला कोपऱ्यावरूनच आरोळी देतो. ज्याच्याकडे रद्दी असेल तो बाहेर येतो, नसेल तो पेपर वाचत बसतो. नकार देण्यासाठी तोंड उघडावे लागत नाही. एडिसनसारख्या गावात घराला कुंपणाची भिंत, फाटक, वॉचमन यांपैकी समोरच्या बाजूला काहीच नसते. रस्ता, गवत, तीन पायऱ्या आणि दार. विक्रेता गुपचूप येतो, बेल दाबतो आणि दोन पावले मागे सरकून किंचित तिरका उभा राहतो. समोरच्याला दडपण वाटू नये म्हणून त्याला तसे शिकवलेले असते. गळ्यात ओळखपत्र, अंगात कंपनीचा टी-शर्ट, हातात टॅब्लेट.

अशा माणसाला इकडे सॉलिसिटर म्हणतात. मुंबईत सॉलिसिटर म्हणजे वकील. त्यामुळे दारावरची 'नो सॉलिसिटिंग' ही पाटी 'वकिलांना मज्जाव' अशीही वाचता येते. गेल्या वर्षी ती तशी वाचली गेली, आणि घरात कोर्टकचेरी चालू आहे की काय, अशी काळजीने चौकशीही झाली.

२. इतिहास

हा धंदा जुना आहे. १८८६ मध्ये डेव्हिड मॅकॉनेल नावाचा न्यूयॉर्कचा पुस्तकविक्रेता पुस्तकांबरोबर अत्तराची छोटी बाटली भेट देत असे. गिऱ्हाइकांना पुस्तकांपेक्षा अत्तरच जास्त आवडते हे त्याच्या ध्यानात आले, आणि त्यातून पुढे एव्हॉन ही सौंदर्यप्रसाधनांची कंपनी उभी राहिली. १९०६ मध्ये कॅनडातून आलेल्या आल्फ्रेड फुलरने दारोदार ब्रश विकायला सुरुवात केली. त्याचा माणूस आधी एक छोटा ब्रश फुकट हातात ठेवी आणि मग पेटी उघडी. ब्रिटानिका ज्ञानकोशाचे जाड खंडही अनेक दशके असेच दारोदार विकले गेले; ती पद्धत १९९६ मध्ये बंद झाली. भारतात १९८२ मध्ये स्थापन झालेल्या युरेका फोर्ब्जने टाय लावलेला विक्रेता आणि व्हॅक्यूम क्लीनर एकदमच दिवाणखान्यात आणले, हे सांगलीतही आठवत असेल.

या धंद्याला लगाम घालणारा गाजलेला पहिला नियम मात्र झोपेतून निघाला. वायोमिंग राज्यातले ग्रीन रिव्हर हे रेल्वेचे गाव. रात्रपाळी करून आलेली माणसे दिवसा झोपायची आणि विक्रेते त्यांना उठवायचे. १९३१ मध्ये गावाने ठराव केला की न बोलावता विक्रीसाठी घरी येणे हा उपद्रव असून तो शिक्षेस पात्र आहे. पुढे अनेक गावांनी याच नमुन्याचे ठराव केले आणि १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसाच एक ठराव वैध ठरवला. दुपारी एक ते चार बेल न वाजवण्याविषयीच्या पुण्यातील पाट्यांना असा आंतरराष्ट्रीय पाठिंबा आहे.

३. प्रकार आणि हंगाम

पहिला प्रकार कीटकनाशक फवारणीवाल्यांचा. वसंतात मुंग्या निघतात, त्यांच्यामागून हे. उन्हाळ्याच्या सुट्टीत कॉलेजची मुले कमिशनवर हे काम करतात. त्यात यूटा राज्यातून आलेली मुले बरीच असतात. तिथल्या मॉर्मन पंथाचे तरुण दोन वर्षे धर्मप्रचारासाठी घरोघर फिरलेले असतात. तोंडावर दार लागण्याची त्यांना सवय झालेली असते. अशा मुलाला फवारा विकणे म्हणजे सुट्टीच.

दुसरा प्रकार सोलरवाल्यांचा. त्यांचे पहिले वाक्य "आम्ही काही विकत नाही" हे असते. जो विकत नाही म्हणतो त्याचा करार बहुधा सर्वांत लांब असतो, वीस-पंचवीस वर्षांचा.

तिसरा प्रकार विजेचा. न्यू जर्सीत १९९९ च्या कायद्यापासून वीज कोणाकडून घ्यायची हे ग्राहकाला निवडता येते. तारा आणि खांब जुन्याच कंपनीचे राहतात. त्याचा फायदा घेऊन एक गृहस्थ येतो आणि "फक्त बिल बघायचे आहे" म्हणतो. बिलावर खातेक्रमांक असतो, आणि तेवढ्यावर पुरवठादार बदलला जाऊ शकतो. बिल हे सातबाऱ्यासारखे समजावे आणि अनोळखी माणसाला दाखवू नये.

वादळानंतर छपरवाले येतात. त्यांना रस्त्यावरूनच गारांचे डाग दिसतात. शेवटचा प्रकार डांबरवाल्यांचा : "शेजारच्या कामातले डांबर उरले आहे, तुमच्या गाडीरस्त्याला स्वस्तात लावून देतो." उरलेले डांबर कधीच संपत नाही, आणि लावलेले बरेचदा पहिल्या पावसात उठते.

४. कार्यपद्धती

या विद्येवर संशोधन झालेले आहे. १९६६ मध्ये जोनाथन फ्रीडमन आणि स्कॉट फ्रेझर या मानसशास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियात एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही घरांत आधी खिडकीला 'गाडी जपून चालवा' अशी चिमुकली पाटी लावण्याची विनंती केली. दोन आठवड्यांनी त्याच विषयाचा भला मोठा, बेढब फलक अंगणात लावू द्याल का, असे विचारले. चिमुकली पाटी लावणाऱ्या चारांपैकी तिघांनी होकार दिला. थेट फलकाचेच विचारले, तिथे सहातल्या एखाद्यानेच. मराठीत हा शोध ओसरी आणि हातपाय यांच्या म्हणीत बराच आधी लागलेला आहे.

म्हणून विक्रेता आधी काहीच मागत नाही. "गाव छान आहे, किती वर्षे राहता?" एवढेच विचारतो. यावर अमेरिकन माणूस एका आकड्यात उत्तर देतो. मराठी ज्येष्ठ गृहस्थ घर कधी घेतले, कर्ज किती, मुलगा कुठे नोकरी करतो, संध्याकाळी किती वाजता येतो आणि नात कोणत्या शाळेत जाते, हे क्रमाने सांगतो. विक्रेत्याच्या टॅब्लेटवर यासाठी वेगळे रकाने असतात.

सर्वांत मोठा घोटाळा होतो तो भाषांतराचा. मराठीत 'बघू' म्हणजे नाही. 'नंतर सांगतो' म्हणजेही नाही. 'मुलाला विचारतो' म्हणजे तर निक्षून नाही. ही तिन्ही उत्तरे इंग्रजीत नेली की त्यांचा अर्थ उलटतो : 'बघू' म्हणजे रस आहे, 'नंतर सांगतो' म्हणजे पुन्हा या, आणि 'मुलाला विचारतो' म्हणजे संध्याकाळी सातला या. नकार मऊ करून देण्यात मराठी माणसाचे सारे संस्कार खर्ची पडतात, आणि विक्रेत्याची पोळी नेमकी त्या मऊपणावर भाजते.

५. उदाहरण

गेल्या जुलैतल्या एका गुरुवारी दुपारी घरात दोन ज्येष्ठ व्यक्ती होत्या. बेल वाजली. बेलमध्ये कॅमेरा असून तिचा आवाज चिरंजीवांच्या ऑफिसातल्या फोनवरही जातो. चिरंजीव मीटिंगमधून बेलद्वारे "नो, थँक यू" म्हणाले. त्याच क्षणी दार उघडले आणि आतून "या, या, ऊन फार आहे" असा आवाज आला. पुढचे चित्रीकरण उपलब्ध आहे, पण त्यात फक्त पायरीवर काढून ठेवलेले बूट दिसतात. बूट पन्नास मिनिटे होते.

मुलगा वीस वर्षांचा होता. त्याला आले घातलेला चहा आणि दोन बेसनलाडू मिळाले. प्रत्येक आक्षेपाला उत्तर द्यायला तो शिकला असावा, पण "वडील काय करतात?", "बहिणीचे लग्न झाले का?" आणि "या उन्हात कंपनी टोपी का देत नाही?" या प्रश्नांची त्याची तयारी नव्हती. त्याने खरी उत्तरे दिली. त्यामुळे तो घरचाच झाला, आणि घरच्या मुलाला रिकाम्या हाताने पाठवायचे नाही म्हणून टॅब्लेटवर सही झाली. सहीखाली तारीख आणि 'तपासले' असा शेराही आहे. पहिल्या फवारणीचे १४९ डॉलर, नंतर दर तीन महिन्यांनी १२९.

मुंग्या होत्या, हे खरे. त्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली होत्या. त्यांचे कारण रविवारी संध्याकाळी सापडले : पहिल्या दिवसापासून ज्येष्ठ गृहिणी मागच्या पायरीवर रोज सकाळी मुंग्यांना चिमूटभर साखर घालत होत्या. म्हणजे मुंग्यांना एका दाराने जेवण चालू होते आणि दुसऱ्या दाराने विष मागवले गेले होते.

६. कायदा

अमेरिकेच्या केंद्रीय व्यापार आयोगाचा १९७४ पासून लागू असलेला एक नियम येथे उपयोगी पडतो. घरी येऊन केलेली २५ डॉलर किंवा त्याहून जास्त रकमेची विक्री ग्राहकाला तीन कामकाजाच्या दिवसांत, कारण न देता, रद्द करता येते. मुदत तिसऱ्या दिवशी मध्यरात्री संपते. शनिवार कामकाजाचा धरतात. रविवार आणि केंद्रीय सुट्ट्या धरत नाहीत. विमा, जमीनजुमला आणि ग्राहकाने स्वतः बोलावून करून घेतलेली तातडीची दुरुस्ती यांना हा नियम लागू नाही. विक्रेत्याने रद्द करण्याच्या अर्जाच्या दोन प्रती दिल्याच पाहिजेत; एक पाठवायला, एक ठेवायला. अर्ज टपालात पडल्याची तारीख ग्राह्य धरतात, आणि दिलेले पैसे दहा कामकाजाच्या दिवसांत परत मिळतात.

गुरुवारची सही म्हणजे शुक्रवार, शनिवार, सोमवार. रविवारी रात्री घरात कागद शोधायला सुरुवात झाली आणि ती एका मिनिटात संपली. अमेरिकेतल्या घरात कागद सापडत नाहीत. हे कागद मात्र भोके पाडून, हिरवा टॅग ओवून, पृष्ठक्रमांक घालून फाईलला लावलेले होते, आणि वर 'मुंग्या' असे लिहिले होते. रद्द करण्याच्या दोन्ही प्रती पृष्ठ ३ व ४ वर होत्या. ज्येष्ठ गृहस्थांची तहसील कचेरीतली अव्वल कारकुनी अशी सातासमुद्रापार कामाला आली. सोमवारी सूनबाईंनी पोचपावतीसह टपाल केले. करार रद्द झाला आणि पैसेही परत आले.

याखेरीज न्यू जर्सीतल्या अनेक गावांत 'दार ठोठावू नका' अशी यादी असते. नाव नोंदवले की दारावर लावायला चिठ्ठी मिळते. बऱ्याच गावांत फिरत्या विक्रेत्याला परवाना लागतो, आणि तो दाखवायला सांगता येते. धर्मप्रचारकांना मात्र परवान्याची सक्ती करता येत नाही. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसा निकाल दिला. यहोवाचे साक्षीदार करोनामुळे मार्च २०२० मध्ये थांबले होते, ते सप्टेंबर २०२२ पासून पुन्हा घरोघर जातात. ते काही विकत नाहीत, आणि त्यांच्याशी मोक्ष या विषयावर चर्चा सुरू करू नये. ते ती पूर्ण करतात.

७. उपाय

दार उघडणे बंधनकारक नाही. बेल वाजल्यावर घरात असूनही न उघडणे हा या देशात अपमान मानला जात नाही. उघडलेच, तर "नो, थँक यू" म्हणून दार लावावे. ही तीन शब्दांची पोथी आहे; तिला टीका, भाष्य किंवा 'त्याचे असे आहे' अशी प्रस्तावना जोडू नये, कारण प्रत्येक कारणावर विक्रेत्याकडे उपाय तयार असतो. घरी कोण केव्हा असते ते सांगू नये. बिल दाखवू नये. टॅब्लेटवर बोट टेकवू नये, 'तपासले' असा शेरा मारण्यासाठीसुद्धा.

८. अपवाद

जानेवारी ते एप्रिलच्या सुमारास गर्ल स्काउटच्या मुली बिस्किटे विकतात. १९१७ पासून चालत आलेली ही प्रथा आहे, आणि शेजारची मुलगी आली तर एक खोका घ्यावा. सहा घेऊ नयेत. ३१ ऑक्टोबरला भुतांच्या वेशात मुले येतात. ती विकत नाहीत, मागतात. त्यांना चॉकलेट द्यावे, शेंगदाण्याचा लाडू देऊ नये, कारण इकडे शेंगदाण्याची ॲलर्जी असलेली मुले बरीच असतात.

दुसरा अपवाद पाण्याचा. जुलैच्या उन्हात दिवसभर चालणारे पोर कोणाचे तरी असते, हे मान्य आहे. त्यासाठी यंदा पुढच्या पायरीवर बर्फाच्या डब्यात पाण्याच्या बाटल्या ठेवल्या आहेत, आणि त्यावर 'घ्या' अशी इंग्रजीत चिठ्ठी आहे. मुंग्यांच्या साखरेची जागाही ठरवली आहे : मागच्या कुंपणाजवळचे मेपलचे झाड, घरापासून चाळीस पावले. आतिथ्य दोघांचेही व्हावे. दोघांचेही दाराबाहेर व्हावे.

कळावे, लोभ आहेच तो वाढावा.

प्रत : फाईल 'मुंग्या', पृष्ठ ११.