सुलभ क्लच-निदान: चालकाने घरच्या घरी करावयाचे

गाडीला पूर्वीसारखा पिकअप नाही अशी शंका आली की नवशिक्याने सर्वप्रथम गाण्यांचा आवाज वाढवावा. पुष्कळसे दोष आठवडाभर तरी या उपायाने ऐकू येत नाहीत. तरीही चढावर इंजिन नुसतेच ओरडतेय आणि गाडी रांगतेय असे दिसले, तर पेट्रोलपंपाला शिव्या द्याव्यात. त्यानेही भागले नाही, तर मेहुण्याला फोन करावा. मेहुणा गाडी न बघताच 'क्लचप्लेट गेली' असे सांगतो. तो हॉर्न वाजत नसला तरी हेच सांगतो, त्यामुळे केव्हातरी त्याचे बरोबर येतेच.

एवढे पार पडले की खऱ्या निदानाला हात घालावा.

आत काय असते ते आधी बघू. इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील असते, त्यावर प्रेशर प्लेट बोल्टने कसलेली असते आणि दोघांच्या मध्ये क्लचप्लेट. लहान गाडीत ही प्लेट जेमतेम फुलक्याएवढी असते. तिच्या दोन्ही अंगांना घर्षणाचे लायनिंग रिव्हेटने मारलेले असते. पेडल दाबले की रिलीज बेअरिंग पुढे सरकून डायफ्राम स्प्रिंग दाबते आणि प्लेट सुटी होते. पाय काढला की पुन्हा चिमटली जाते. म्हणजे पाय उचललेला असताना क्लच कामावर असतो आणि पाय ठेवला की रजेवर जातो. सरकारी खात्यात मुरलेल्या वाचकांना हे लगेच समजेल.

सर्वांत महत्त्वाचा दोष म्हणजे क्लच घसरणे, मिस्त्रींच्या भाषेत 'स्लिप मारणे'. त्याची परीक्षा सोसायटीच्या पार्किंगमध्ये घेता येते. गाडी सपाट जागी उभी करा. समोर भिंत नको, वॉचमन तर नकोच. तो बघायला येणारच, त्याला बाजूला उभा करा. हँडब्रेक पूर्ण ओढा, उजवा पाय ब्रेकजवळ तयार राहू द्या. तिसरा गियर टाकून किंचित ॲक्सिलरेटर द्या आणि क्लच सावकाश सोडा. इंजिन धापा टाकत बंद पडले तर अभिनंदन! बंद पडलो की पास, अशी ही आपल्या आयुष्यातली एकमेव परीक्षा. पेडल पूर्ण सोडूनही इंजिन मजेत चालूच राहिले, तर प्लेट घसरतेय. गाडी सरळ पुढे निघाली, तर तुम्ही हँडब्रेकचे निदान केलेत. तेही काही कमी नाही. मात्र क्लच घसरतोय असे दिसल्यावर 'एकदा पुन्हा बघू' नको. प्रत्येक प्रयोगात उरलेसुरले लायनिंग जळते.

रस्त्यावरची खूण याहून सोपी आहे. चौथ्या गियरमध्ये चाळिसाच्या वेगाने जाताना ॲक्सिलरेटर एकदम दाबा. आरपीएमचा काटा उडी मारून वर गेला आणि वेगाचा काटा जागचा हलला नाही, तर निकाल लागला. ज्यांच्या गाडीत आरपीएमचा काटाच नाही त्यांनी कानाने बघावे, त्यासाठी गाणी आता बंद करावीत.

दुसरा दोष याच्या नेमका उलट: क्लच दाबला तरी सुटत नाही. इंजिन चालू ठेवा, गाडी न्यूट्रलमध्ये. पेडल तळापर्यंत दाबून चार आकडे मोजा आणि रिव्हर्स टाका. खर्रर्र आवाज आला तर प्लेट अजून फिरतेय. रिव्हर्सच का? बऱ्याच गाड्यांत या गियरला सिंक्रोमेश नसतो, म्हणून तो काही झाकून ठेवत नाही. कारण बहुधा वायर सैल झाल्याचे किंवा, हायड्रॉलिक क्लच असेल तर, तेल गळल्याचे अथवा त्यात हवा शिरल्याचे निघते. अनेक गाड्यांत क्लच आणि ब्रेक एकाच डबीतले तेल वापरतात, तेव्हा ती पातळी उतरली असेल तर विषय एकट्या क्लचचा राहत नाही; गाडी आधी दाखवून घ्या. त्याआधी वाकून पेडलखाली जरूर बघा. कंपनीची मॅट, तिच्यावर रबरी मॅट, तिच्यावर काथ्याची मॅट असे तीन मजले असतील, तर पेडल तळाला पोहोचणार कसे? हा दोष फुकटात दुरुस्त होतो, म्हणून कोणी सांगत नाही.

आवाजाचे शास्त्र दोन ओळींचे आहे. न्यूट्रलमध्ये पेडल दाबल्यावर घरघर सुरू झाली तर संशय रिलीज बेअरिंगवर. पाय काढलेला असताना घरघर आणि दाबल्यावर शांतता, तर गियरबॉक्सच्या बेअरिंगवर. पहिल्या गियरला गाडी थरथरत निघत असेल, तर प्लेटवर तेल उतरलेय का आणि इंजिनाचे माउंटिंग गेलेय का, दोन्ही तपासायला सांगा.

वासाबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवे. रविवारी सकाळी सिंहगडाच्या चढावर गाड्यांची रांग खोळंबते आणि जळकट वास पसरतो. प्रत्येक चालक शेजारच्या गाडीकडे संशयाने बघतो. वास बहुधा त्याचाच असतो, कारण तो हँडब्रेक न लावता हाफ क्लचवर गाडी तोलून कौशल्य दाखवत असतो. एकदा वास आला म्हणजे क्लच गेला असे नव्हे. गाडी बाजूला घेऊन थंड होऊ द्या, खाली उतरून भजी खा. वास वरचेवर येऊ लागला तर मात्र भज्यांनी भागणार नाही.

आणि एक गुप्त तपासणी. हायवेला टॉप गियरमध्ये असताना तुमचा डावा पाय कुठे असतो, हे शेजारी बसलेल्या माणसाला तुमच्या नकळत बघायला सांगा. तो पेडलवर विसावलेला असेल, तर बेअरिंग विनाकारण घासतेय आणि प्लेटची पकडही थोडी ढिली पडतेय. माझ्या मते निम्मे क्लच या विश्रांतीनेच मरतात. गॅरेजवाले उगाच बदनाम होतात.

गॅरेजमध्ये 'गियरबॉक्स उतरवावा लागेल' हे वाक्य ऐकण्याआधी वायर ॲडजस्ट करून बघितली का, एवढे विचारा. उतरवावाच लागला तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग असा सेटच बदला. खरी मेहनत गियरबॉक्स काढण्या-चढवण्याची असते, ती शंभर रुपये वाचवायला दोनदा कशाला? जुनी प्लेट मागून घ्या आणि तिच्यावरून नख फिरवा. रिव्हेटची डोकी लायनिंगच्या खोल आत असतील, तर प्लेटला अजून आयुष्य होते; नख सरळ रिव्हेटला लागले तर खर्च योग्य झाला. प्लेट तेलकट निघाली, तर ऑइल सील बदलल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका.

नवा क्लच बसवून निघालात की पेडल हलके लागेल, गाडी पेडलच्या खालच्या टप्प्यातच उचलेल आणि पहिल्याच सिग्नलला दोनदा बंद पडेल. हा बिघाड नव्हे. झिजलेल्या क्लचची सवय लागलेल्या पायाला चार दिवस द्या आणि तेवढ्यासाठी गॅरेजवाल्याशी भांडायला जाऊ नका.