गाडी उचलायची तर आधी खाली वाका

गाडी उचलायचीय? आधी खाली वाका. मोजपट्टी घ्या, मागच्या दोन चाकांच्या मध्ये लटकणारा लोखंडी गोळा शोधा आणि तो जमिनीपासून किती वर आहे ते मोजा. तो डिफरन्शियल. दगडवाटेवर बहुतेक वेळा आधी आपटतो तो हाच. थारचा मागचा धुरा अखंड आहे, त्यामुळे कितीही महागडं लिफ्ट किट बसवलं तरी हा गोळा होता तिथेच राहतो. स्प्रिंगच्या वरची गाडी उचलली जाते, खालचा धुरा जागचा हलत नाही. जिम्नीला तर पुढचा धुराही अखंड, म्हणजे तिथे दोन गोळे जागच्या जागी. धुऱ्याला वर नेणारी वस्तू एकच, मोठा टायर.

मुंबईत ओशिवऱ्यापासून साकीनाक्यापर्यंत गॅरेजांत गाडी रॅम्पवर चढवण्याआधी प्रत्येक मालकाला ही गोष्ट सांगितली गेली पाहिजे. सांगितली जात नाही. ‘दोन इंच की तीन?’ एवढंच विचारलं जातं, जणू शर्टाचं माप चाललंय.

आता आकडे बघू. 2 ऑक्टोबर 2020 ला आलेल्या थारच्या 16 इंची रिमवर टायर आहे 245/75 आर 16. रुंदी 245 मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या 75 टक्के, रिम 16 इंच. चाकाचा व्यास होतो 774 मिलिमीटर. हौशी मंडळींच्या डोळ्यांत भरतो तो 285/75 आर 16. त्याचा व्यास 834. फरक 60 चा, पण धुरा वर जातो त्याच्या निम्मा, 30 मिलिमीटर. त्यावर 50 मिलिमीटरची लिफ्ट केली की गाडीचं पोट 80 मिलिमीटर वर जातं आणि गोळा फक्त 30. सोसायटीच्या पार्किंगमध्ये नजरेत भरतात ते 80, दगडवाटेवर कामी येतात ते 30.

त्या 30 मिलिमीटरची किंमत रोज मोजावी लागते. व्यास आठ टक्क्यांनी वाढला म्हणजे स्पीडोमीटरचा काटा 80 वर असताना गाडी पूर्वीपेक्षा आठ टक्के जास्त वेगाने धावते. मीटरवर दहा हजार किलोमीटर झाले की रस्त्यावर पावणेअकरा हजार झालेले असतात, म्हणजे ऑइल बदलायलाही तेवढाच उशीर. चाक जड झाल्याने पिकअप मंदावतो आणि ब्रेकवर ताण येतो. पाचवा टायर, म्हणजे स्टेपनीही मोठी घ्यावी लागते आणि ती थारच्या मागच्या दरवाज्यावर लटकते. खड्डा आला की तो सगळा भार बिजागरी झेलते. किटच्या दरपत्रकात ही बिजागरी नसते.

मग लिफ्ट लागते कशाला? मोठा टायर घासू नये म्हणून. स्टिअरिंग पूर्ण वळलेलं असताना चाक खड्ड्यातून वर येतं, तेव्हा त्याला मडगार्डच्या आत जागा हवी असते. लिफ्टचं मुख्य काम ते. क्रम सरळ आहे: आधी रस्ता ठरवा, रस्त्यावरून टायर ठरवा, टायर बसत नसेल तरच लिफ्ट. आपल्याकडे आधी लिफ्ट होते, मग रिकाम्या दिसणाऱ्या मडगार्डसाठी टायर येतो, आणि रस्त्याचा विचार कोणी करतच नाही.

तर रस्ता कुठला? लिंक रोड, एस. व्ही. रोड, जेव्हीएलआर, हायवे. डांबर आणि काँक्रीट. ओल्या काँक्रीटवर चिखलाचे मोठ्या गुठळ्यांचे टायर कमी पकडतात, कारण त्यांच्या पृष्ठभागाचा बराच भाग मोकळ्या खाचांनी व्यापलेला असतो, रस्त्याला रबर कमी टेकतं. चिखलात याच खाचा उपयोगी पडतात. पण जूनच्या पहिल्या पावसात सिग्नलला रिक्षा अचानक थांबते तेव्हा टेकलेलं रबरच गाडी थांबवतं. मुंबईतल्या गाडीला चिखलाचे टायर लावू नयेत, हे मी ठामपणे म्हणतो. ऑल टेरेन पुरतात, तेही कंपनीच्या मापात.

‘पण सबवेचं काय?’ हा प्रश्न हमखास येतो. अंधेरी सबवेत दर पावसाळ्यात पाणी भरतं आणि तो बंद करावा लागतो. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. ती आठवण या उपनगरातल्या माणसाच्या हाडात आहे आणि उंच गाडीची ओढ बरीचशी तिथूनच येते. ही भीती खरी आहे, तिला मी हसणार नाही. पण लिफ्ट हे तिचं उत्तर नाही.

पाण्यात गाडीची मर्यादा ठरते ती इंजिन हवा कुठून ओढतं यावर. थारला कंपनीने 650 मिलिमीटर पाण्याची मर्यादा दिली आहे. पुण्याच्या फोर्स मोटर्सची गुरखा 700 मिलिमीटर सांगते आणि तिला हवेची उंच नळी, म्हणजे स्नॉर्कल, कारखान्यातूनच बसून येते. स्प्रिंग बदलून हवेचं तोंड वर जाईल ते जेमतेम दोन इंच. शिवाय पाणी तळाच्या वर चढलं की गाडी तरंगायला लागते. तळाच्या वर दहा सेंटिमीटर पाणी आलं तरी, ते आत शिरेपर्यंत, साधारण अर्ध्या टनाचा जोर गाडीला वर ढकलत असतो. मोठे टायर हवेने भरलेले, तेही तरंगण्यालाच मदत करतात. चाकांवरचं वजन हलकं झालं की फोर व्हील ड्राइव्ह निरुपयोगी. आणि तुमची गाडी पार झालीच, तर मागे उठलेली लाट रस्त्याकडेच्या दुकानात शिरते, शेजारचा दुचाकीवाला आडवा होतो. सबवे बंद म्हणजे बंद. तिथे थांबायचं.

वाळूचंही तेच. सुट्टीच्या दिवशी अलिबाग, काशीदच्या बाजूला गाडी रुतते तेव्हा उंची कमी पडलेली नसते, हवा जास्त झालेली असते. टायर 18 पीएसआयच्या आसपास उतरवला की तो पसरतो, भार वाटला जातो आणि गाडी वर राहते. छोटा कॉम्प्रेसर आणि हवेचा गेज, एवढंच सामान लागतं आणि ते किटच्या तुलनेत फार स्वस्त आहे. परत डांबरावर यायच्या आधी हवा भरायची. अर्थात किनाऱ्यावर गाडी नेणंच बहुतेक ठिकाणी चूक आहे. तिथे माणसं बसलेली असतात, पोरं खेळत असतात.

उंची वाढवल्यावर काय काय करावं लागतं, याचा सगळ्यात मोठा धडा अंधेरीनेच बघितला आहे. गोखले पुलाची पहिली बाजू 26 फेब्रुवारी 2024 ला खुली झाली. रेल्वेच्या नियमानुसार नवा पूल जुन्यापेक्षा उंच बांधावा लागला होता, आणि त्याला जोडलेला बर्फीवाला उड्डाणपूल खालीच राहिला होता. मग हायड्रॉलिक जॅक लावून बर्फीवाल्याचं टोक एका बाजूला 1,397 आणि दुसऱ्या बाजूला 650 मिलिमीटर उचललं, व्हीजेटीआयच्या तज्ज्ञांना बोलावलं, आणि दोन पूल जुळायला जुलै उजाडला. गाडीचंही असंच आहे. एक भाग उचलला की त्याला जोडलेलं सगळं हिशेबात घ्यावं लागतं. थारच्या पुढच्या चाकांना अखंड धुरा नाही. डिफरन्शियल चासीला बांधलेलं असतं आणि तिथून चाकापर्यंत दोन शाफ्ट जातात. चासी वर गेली की शाफ्ट तिरके होतात, त्यांच्या टोकांचे सांधे आणि सांध्यांवरचे रबरी बूट वाढलेल्या कोनात फिरत राहतात. बूट फाटला की ग्रीस बाहेर, माती आत. ब्रेकचे होज पाईप ताणले जातात. चाकांचे कोन बदलतात, टायर एका कडेने झिजतो. हेडलाइट वर बघायला लागतात आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातात.

स्वस्तातला उपाय म्हणून स्पेसर विकला जातो. स्प्रिंगच्या डोक्यावर बसवायची चकती. पुढच्या डबल विशबोन रचनेत ती चाकाला तिच्या जाडीच्या जवळजवळ दुप्पट ढकलते, कारण स्प्रिंग चाकापासून आत, आर्मच्या मध्यावर टेकलेली असते. इंचभर चकती टाकली, दोन इंच गाडी उठली, ग्राहक खूश. पण शॉकअब्सॉर्बर जुनाच, त्याची धाव जुनीच. चाक खाली लटकण्याची जागा त्या चकतीने खाल्लेली असते. वाईट रस्त्यावर चाक जमिनीला टेकलेलं राहावं म्हणून जी धाव होती, तीच कमी झाली.

कायदा सांगतो, कारण फार थोडे मालक तो वाचतात. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52: उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये केरळच्या प्रकरणात हेच उचलून धरलं. 2019 च्या दुरुस्तीने आलेलं कलम 182-अ मालकाला प्रत्येक बेकायदा बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही सांगतं. एमएच-02 चा क्रमांक देणारं आरटीओ कार्यालय चार बंगल्याजवळच आहे. आधी तिथे जाऊन विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. अपघातानंतर सर्व्हेअर गाडीखाली वाकतो तेव्हा पहिल्यांदा ही गोष्ट निघाली, तर दावा अडकतो.

मला सगळ्यात जास्त काळजी बॉनेटच्या पुढच्या जागेची वाटते. थारचं बॉनेट मुळातच उंच आणि सपाट. ते आणखी तीन इंच उचललं की त्याच्यापुढचा न दिसणारा पट्टा लांबतो. अंधेरी स्टेशनबाहेर, शाळा सुटताना, भाजीवाल्यांच्या गल्लीत त्या पट्ट्यात कोण असतं? पाठीवर दप्तर घेतलेलं सहा-सात वर्षांचं मूल. इथे फूटपाथ अडलेले, माणसं रस्त्यातूनच चालतात, गाडी मुंगीच्या पावलाने सरकते आणि चालकाची नजर पुढच्या बसवर असते. थारला नोव्हेंबर 2020 मध्ये ग्लोबल एनकॅपने टक्कर चाचणीत चार तारे दिले, ते आतल्या प्रवाशांसाठी आणि कारखान्यातल्या उंचीवर. गुरुत्वमध्य वर नेऊन हायवेवर झटक्यात लेन बदलली की गाडी किती कलेल, हे त्या ताऱ्यांत कुठेच नाही.

तरी काहींना उंच गाडी खरंच लागते. मुरबाडला, जव्हारला शेत आहे, पावसाळ्यात चाकोरी गुडघाभर खोल, दर आठवड्याला जायचं आहे. त्यांना नाही म्हणणारा मी कोण? त्यांनी आधी कंपनीने त्याच गाडीवर दिलेलं दुसरं माप बघावं. थारवर 255/65 आर 18 आहे, व्यास 789. रिमसकट बदलावं लागतं, पण ते माप त्या गाडीसाठी तपासलेलं आहे. त्यापुढे 265/75 आर 16, व्यास 804. ते घेतलं तर चार माणसं बसवून, स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून, एक चाक रस्ता-दुभाजकाच्या दगडावर चढवून बघा, कुठे घासतं. तरीही लिफ्ट लागलीच, तर 40 ते 50 मिलिमीटर, त्याहून नाही, आणि स्प्रिंग व शॉकअब्सॉर्बर एकमेकांसाठी बनवलेल्या पूर्ण संचातच. स्प्रिंग किती वजनासाठी आहे ते विचारा. पुढे विंच आणि जड बंपर नसताना त्यांच्यासाठीची कडक स्प्रिंग घेतली, तर गाडी रोज लिंक रोडवर उड्या मारेल.

बसवून झालं की त्याच दिवशी अलाइनमेंट करा आणि हेडलाइट खाली घ्या. हजार किलोमीटरनंतर गाडी पुन्हा रॅम्पवर चढवा: सगळे बोल्ट टॉर्क पान्याने तपासा, रबरी बूट बोट फिरवून बघा, ब्रेकचे होज चाक लटकलेलं असताना ताणलेले नाहीत ना ते पाहा. गॅरेजवाला म्हणेल, गरज नाही. म्हणू दे, तुम्ही रॅम्पखाली उभे राहून करून घ्या.